द्वारकामावशीची पाळी

मावशीच्या नर्सरीला पाटी नव्हती. शहरातून जळगाव रस्त्यानं सावंगी मागं टाकून फुलंब्रीकडं निघालं, की डाव्या हाताला हिरवी जाळी ताणलेली दिसायची आणि तिच्या सावलीत काळ्या पिशव्यांमधली रोपं. हर्सूलच्या पुढं शेतांच्या वसाहती होत होत्या. नव्या घराला गेट बसलं, की नवराबायको गाडी काढून तिच्याकडं यायची. मावशी आधी एकच विचारायची, "नळ हाय का टँकर?" टँकर म्हटलं, की मोगऱ्याकडं निघालेला तिचा हात कण्हेरीकडं वळायचा. "हे न्या. हे उपाशी ऱ्हातं."

द्वारका ही माझ्या आईची थोरली बहीण. शाळा सुटली आणि लग्न झालं, काकासाहेबांशी. घर खाऊन-पिऊन सुखी, जमीन रस्त्याला लागून. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तेव्हा त्यांनी विहीर खोदायला घेतली. खालचा मुरूम आणि दगड वर ओढायला काठावर लाकडी यारी उभी केली होती. तिच्या दोराला गड्यांच्या बरोबरीनं मावशीही असायची. पाणी लागलं तेव्हा काकासाहेब खाली होते. त्यांनी तिथून हाक मारली ती बायकोच्या नावानं. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची त्या घरात रीत नव्हती. ही गोष्ट मावशीनं मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारली तर म्हणाली, "सांगितली न एकडाव."

त्यांना एकच मुलगी झाली, ती कन्नडला दिली. रस्ता रुंद झाला तसा काकासाहेबांचा शेतीतला जीव कमी होत गेला. पलीकडची काही एकरं त्यांनी प्लॉटिंगला दिली, मग दुसऱ्यांच्या जमिनींचे व्यवहार जुळवायला लागले. शहरात सिडकोत फ्लॅट घेतला. ते गेले असं कुणी म्हटलं नाही. आधी मुक्काम वाढले, मग कपडे गेले, मग गणपती तिकडंच बसायला लागला. तिकडं एक बाई आहे, हे सगळ्यांना कळलं तेव्हा ते इतकं जुनं झालं होतं, की त्यावर भांडायलाही उशीर झाला होता. मावशी शेतातल्या घरात राहिली, सासूबरोबर. सासूचं नाव साळूबाई. तोंडानं फटकळ, डोळ्यांनी अधू. मावशी तिला आत्याबाई म्हणायची.

विहिरीवर मात्र दोघांचा हिशेब चोख होता. आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की जमीन मोजून तोडतात. विहीर तोडता येत नाही, म्हणून वेळ तोडतात. चार दिवस ह्याचे, तीन दिवस त्याचे. ती ज्याची त्याची पाळी. भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसले तरी एकाची पाळी संपली की दुसऱ्याची मोटर सुरू होते. काकासाहेब शहरात गेल्यावर मावशीनं आपल्याआपणच तशी पाळी लावून घेतली होती. त्यांचा गडी कडुबा मोसंबीला पाणी द्यायचा, ती रोपांना द्यायची. कागदावर काही नव्हतं. कडुबा आणि ती, दोघं पाळायचे, एवढंच.

दुसऱ्या दुष्काळी वर्षाच्या हिवाळ्यात विहिरीवर टँकर लागला. मावशी पाळीच्या दिवशी स्टार्टरपाशी गेली, तर पेटीला कुलूप. टँकरचा ड्रायव्हर पाईप जोडत होता.

"मौसी, मेरेकू क्या मालूम. सेठ बोले, पूरा पानी अपना है."

"आन् कुलूप कोनाचं?"

"सेठ का."

ज्या वसाहतींना मावशी रोपं विकायची, त्यांच्याच टाक्यांत ते पाणी जात होतं. काकासाहेबांनी आपली मोसंबीही वाळू दिली; पाण्याचा भाव मोसंबीच्या वर गेला होता. मावशीनं त्यांना फोन केला. ते म्हणाले, "दोन महिन्याचं काम हाय, सांभाळून घे." दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. अर्धी रोपं जळाली. उरलेली तिनं भांड्यांच्या आणि अंघोळीच्या पाण्यावर ठेवली. साळूबाई अंघोळीला बसली की ओरडायची, "मला धुती का जास्वंदीला?" आणि तरी परातीबाहेर थेंब जाऊ द्यायची नाही.

अशातच फारकतीचा निरोप आला. तो घेऊन आला बन्सीमामा, माझ्या आईचा आणि मावशीचा भाऊ. मी तेव्हा विद्यापीठात एम.ए. करत होते आणि सुटीला तिच्याकडं गेले होते. मामानं चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं केलं. मग म्हणाला, "दाजीला आता सगळं कायद्यात बसवायचंय. राजीखुशीनं. तुला हर्सूलकडं फ्लॅट, वर महिन्याला पोटगी. लोकं एवढंबी देत नायत, अक्का."

मावशी पिशवीत माती भरत होती. "रोपं कुठं ठिवू? ग्यालरीत?"

"आता या वयात रोपं करायची का?"

"मंग काय करू?"

"नसंल जमत तर आमच्याकडं ये. माहेर हाय तुझं," तो म्हणाला. मावशीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. आजोबा गेल्यावर तिनं आणि माझ्या आईनं एकाच दिवशी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. भावाकडं हक्क मागणारी बहीण चांगली दिसत नाही म्हणून. माहेरचा हक्क तिनं सोडला होता आणि सासरचा तिला कधी लागलाच नव्हता. मामाला ते आठवलं असावं. तो उठून चपला शोधायला लागला.

"सांग त्यांना," मावशी मागून म्हणाली, "फारकत देते. पोटगी नको. रस्त्याकडचा एकर आन् इहिरीत पाळी. ल्हेऊन."

मामा तसाच उभा राहिला. "इहिरीत पानी किती राहिलंय?"

"किती का असंना."

शहरात तिची वकील होती सरोजिनी. पन्नाशीची, बोलायला सावकाश. बन्सीमामाला पटलं नव्हतं म्हणून मावशीसोबत मी जायची. तिथं मावशीचं म्हणणं लिहून घ्यायला सई नावाची नवी ज्युनिअर होती. मुलगी हुशार, पण सगळं आयुष्य शहरात गेलेलं. मावशी आपल्या पद्धतीनं सांगत गेली: लग्न कधी झालं, मुलगी कधी दिली, माणूस कधीपासून येत नाही. आणि शेवटी म्हणाली, "दोन वर्सं झाले, मपली पाळी बंद हाय. तव्हापासून सगळं बिघडलं." सईनं मान खाली घातली आणि फार हळुवारपणे ते लिहून घेतलं. मला तेव्हा काहीच खटकलं नाही. माझ्या कानालाही ती विहिरीचीच पाळी होती.

सरोजिनीताईंना खरी काळजी पोटगीची होती. "द्वारकाताई, पोटगी सोडू नका," त्या पुन्हापुन्हा सांगत. "तो उपकार नाही, तुमचा हक्क आहे. उद्या विहीर पार आटली तर? तुम्ही आजारी पडलात तर?"

"ताई, पोटगी त्यांच्या जिवावर हाय. त्यांचं काय बरंवाईट झालं, नाय तर त्यांचा धंदा बसला, की मी कोनाच्या दारात जाऊ? पाळी जमिनीवर ऱ्हाती. मालक बदलले तरी पाळी बदलत नाय."

"ते बरोबर आहे. पण दोन्ही मागायला काय हरकत आहे?"

"थोडी ठिवा मंग." मावशी म्हणाली. " औषधापुरती. त्याच्यावर अडून बसू नका मात्र."

उन्हाळ्याच्या तोंडावर मध्यस्थाकडं पहिली तारीख लागली. मध्यस्थ होते श्रीधरराव नावाचे वयस्क वकील. लांब टेबल, एका बाजूला काकासाहेब आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला मावशी, सरोजिनीताई, सई. मी भिंतीकडच्या खुर्चीवर. काकासाहेबांना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. केस काळे केलेले, पण मानेवरची त्वचा तशीच शेतकऱ्याची. त्यांनी मावशीकडं न बघता मला विचारलं, "आई बरी हाय का तुझी?"

श्रीधररावांनी मावशीचं निवेदन वाचायला घेतलं. लग्नाची तारीख झाली, मुलगी झाली, वेगळं राहणं झालं. मग ते वाचू लागले, "अर्जदार क्रमांक दोन यांची मासिक पाळी गेल्या दोन वर्षांपासून बंद असून, अर्जदार क्रमांक एक यांनी ती बंद केल्यामुळे उभयतांमध्ये..." ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती.

"बाई, हे वाचायची इथं गरज नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वयानुसार होतं ते. त्याचा दोष यांना देता येणार नाही."

मावशीला वाटलं, दिवसांचा काही घोटाळा झाला. ती पुढं सरकून म्हणाली, "मासिक नाय हो सायेब. आठवड्याची. आठवड्यातून चार दिवस मपले व्हते, तीन त्यांचे."

सईचे कान लाल झाले होते. आणि मग काकासाहेब हसले. आधी नाकातून, मग पोटातून, टेबलावर हात ठेवून. "सायेब," त्यांना बोलता येईना, "इहिरीची पाळी. पान्याची."

मावशीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग सईकडं. कळायला क्षणभर लागला. तिनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. सरोजिनीताई हसल्या, श्रीधरराव हसले. काकासाहेबांनी डोळे पुसत तिला म्हटलं, "काय ल्हेऊन आनलं गं तू." ते "गं" इतकं सहज आलं, की मावशीनं पदर सावरला आणि त्यांनी खुर्ची मागं घेतली.

श्रीधररावांनी तो धागा हातातून सुटू दिला नाही. "मग विहिरीची पाळी कुणी बंद केली?"

आता नाही म्हणायला जागा नव्हती. "मीच केली," काकासाहेब म्हणाले. "पन इहीर मपल्या नावावर हाय, सायेब. तिची पाळी कवा ठरलीच नव्हती. मी तिला फ्लॅट देतो, पोटगी वाढवून देतो. कोरड्या इहिरीची पाळी घिऊन काय करनार हाय ही?"

"कोरडी व्हती तर कुलूप कामून लावलं?" मावशी म्हणाली.

त्यांचे वकील काहीतरी बोलायला गेले. काकासाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं.

"पाळी भावाभावात असते, बाई," श्रीधरराव म्हणाले. त्यांना हे समजून घ्यायचं होतं, वाद घालायचा नव्हता. "नवराबायकोच्या फारकतीत मी अशी मागणी पाहिली नाही."

"भावाभावाचीबी फारकतच व्हती, सायेब. तव्हा कोन कोनाला पोटगी देतं? अर्धी जमीन, अर्धं पानी, आन् वर बांधाचं भांडन. पन ज्याच्या त्याच्या पायावर. मला तसं तोडा. भावाला तोडतात तसं."

"बायको आन् भाऊ एक व्हय?" काकासाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरंच पडलेला प्रश्न होता.

"तुमच्या कोन्या भावानं यारी वढली?"

काकासाहेबांनी खिडकीकडं पाहिलं. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागं घेत होतं. ती लागेपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, "एकर देतो. पाळीचं कसं करायचं बोल."

शेतीची वीज आमच्याकडं दोन परींनी येते: आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकीचे रात्री. रात्रीची जास्त वेळ टिकते, म्हणून रात्री पाणी जास्त निघतं. पण रात्रीचं पाणी देणं म्हणजे अंधारात साप-विंचू तुडवत बांधानं फिरणं. मावशी म्हणाली, "वाटे मी पाडते, उचला तुमी." हीसुद्धा भावांच्या वाटणीतलीच रीत. एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा, म्हणजे पाडणाऱ्याला लबाडी करता येत नाही.

"दिवसाच्या लाइटीचे दिवस हा एक वाटा," ती म्हणाली. "रातच्या लाइटीचे दुसरा."

सरोजिनीताईंनी तिचा हात दाबला आणि तिला बाहेर घेऊन आल्या. मीही गेले. "अहो, मिसळून करा ना. दोन दिवस दिवसाचे, दोन रात्रीचे. त्यांनी दिवस उचलला तर तुम्ही रात्री एकट्या विहिरीवर जाणार?"

"मिसळलं की रोजच्याला कोन कव्हा आलं, कोन कव्हा गेलं, ह्याचंच बोलनं ऱ्हातं. मला त्यांच्याशी तेवढं बोलायचं नाय आता."

"आणि रात्र आली तर?"

"आली तर आली. वाटे पाडनाऱ्यानं आपल्या डोळ्यानं वाट्याकडं बघायचं नसतं, ताई." असं म्हणाली खरी, पण तिच्या हाताची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती. तिथल्या बाकावर ती थोडा वेळ बसली. उठताना मला म्हणाली, "कडुबाची बॅटरी चांगली हाय. तशी एक घ्यावी लागंल."

आत गेलो तेव्हा काकासाहेबांच्या वकिलांनी त्यांच्या कानात बरंच काही सांगितलेलं दिसत होतं. काकासाहेब मात्र कुणाचं ऐकत असल्यासारखे दिसत नव्हते. श्रीधरराव म्हणाले, "उचला."

"रात," काकासाहेब म्हणाले.

मावशीनं मान वर केली नाही. फक्त बोटांतून पदर सुटला.

मग बाकीचं लिहिलं गेलं. एकर, अर्धी विहीर, दिवसाची पाळी, औषधापुरती पोटगी. सईनं या वेळी प्रत्येक शब्द मावशीला विचारून लिहिला. शेवटी श्रीधररावांनी विचारलं, "आणि आई? त्या कुणाकडे राहणार?" त्यांचा प्रश्न काकासाहेबांना होता, कायद्यानं तोच बरोबर होता. मावशी म्हणाली, "त्यांना इचारू."

घरी आलो तर साळूबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तू आता मपली सून नाय."

"नाय."

"मंग मला कोनत्या नात्यानं जेवू घालशील?"

"भाऊबंदाची म्हातारी म्हनून."

साळूबाईनं एक पाकळी सोलून परातीत टाकली. "त्यानं मला सिडकोत न्यायची पाळी लावली तर सांग, मी वर चढनार नाय म्हनून. तिथं संडास घरात हाय." नंतर बऱ्याच वेळानं, जणू दुसराच विषय, ती म्हणाली, "रात उचलली का त्यानं. बरं केलं."

रात्र का उचलली, यावर पुढं बरंच बोलणं झालं. बन्सीमामाचं म्हणणं, टँकर रात्रीच भरतात, त्याला तेच सोयीचं. वर पाणीही जास्त. सरोजिनीताईंनाही तसंच वाटत होतं. माझी आई म्हणाली, माणूस इतकाही वाईट नव्हता. मी मावशीला विचारलं. ती कलमाची पट्टी बांधत होती. दात आणि बोटं दोन्ही गुंतलेली. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "वाटा उचलल्यावर कामून उचलला ते इचारायचं नसतं. नाय तर वाटनी व्हतच नाय कवा."

कोर्टानं दिलेली मुदत संपून फारकतीवर शिक्का बसला तेव्हा पाऊसकाळ उलटून गेला होता. त्या साली पाऊस बरा झाला होता. विहिरीत पाणी होतं, फार नव्हतं. तासभर मोटर चालली की थांबून झरे भरू द्यावे लागत. मावशी तेवढा वेळ काठावर बसून पिशव्यांना भोकं पाडायची.

पाळीची एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती, वकिलांच्या नाही आणि तिच्याही नाही. ज्याची पाळी संपते त्यानं दुसऱ्याला कळवायचं असतं. भाऊ असले तर बांधावरून हाक मारतात, बोलत नसले तर पोराकरवी सांगतात. कडुबा त्या वर्षी बिडकीनकडं कारखान्यात वॉचमन म्हणून लागला आणि काकासाहेबांनी दुसरा गडी ठेवला तो रोज येत नसे. मग मावशीला दर आठवड्याला फोन करावा लागे, ज्यांच्याशी बोलायचं नाही म्हणून तिनं वाटे वेगळे पाडले होते त्यांनाच.

"पाळी सोडली."

"बरं."

फोन ठेवला जाई. कित्येक महिने इतकंच.

परवा मी तिच्याकडं होते. आता रस्ता चौपदरी झालाय, नर्सरी दोन्ही बाजूंनी दुकानांत सापडलीय, आणि गिऱ्हाइकं कुंडीसकट रोप मागतात. साळूबाई दोन वर्षांमागं गेली, शेवटपर्यंत शेतातल्याच घरात. दिवसाची वीज गेली तशी मावशीनं स्टार्टर बंद केला, हात पुसले आणि फोन लावला.

"पाळी सोडली."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मावशी उठली, काठापाशी गेली आणि खाली वाकून पाहिलं.

"दोन परस पानी आसंल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाय, दोनला कमीच. रातच्याला दमानं चालवायला सांगा."

पलीकडं बहुधा बरं म्हटलं असावं. तिनं फोन कमरेला खोचला आणि पाइपाची गुंडाळी करायला लागली.